ताकद कमवायची, पण व्हाउचर तपासून

२०२४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वहिनी दारात आल्या, त्या हातात प्लॅस्टिकचा भलामोठा डबा घेऊनच. डबा जमिनीवर ठेवून त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही हिशेबातले माणूस. यात असं काय आहे की पोराने दोन हजार सातशे रुपये घातले, ते जरा वाचून सांगा."

पोरगा म्हणजे आमचा पुतण्या. वय एकोणीस. दिवसभर मोटारसायकलवरून सामान पोचवण्याचे काम करतो आणि रात्री वस्तीजवळच्या जिममध्ये जातो. शरीर कमवायची हौस आहे. हौस वाईट नाही. आमच्या तरुणपणी याच वयाची मुले तालमीत जोर-बैठका काढीत असत, कुणी त्यांना नावे ठेवीत नव्हते. परंतु आमच्या वेळी सल्ला देणारा एकच वस्ताद असे, आणि तो समोर उभा असे. आज पुतण्याच्या मोबाइलमध्ये शंभर वस्ताद आहेत. एक म्हणतो भात सोडा, दुसरा म्हणतो दहा केळी खा, तिसरा म्हणतो हा डबा घ्या. जो डबा घ्यायला सांगतो, त्याच्याच व्हिडिओखाली डबा विकत घेण्याची सोय असते, हे पोराच्या लक्षात आले नाही.

डबा तीन किलोचा होता. त्यासाठी त्याने मित्राकडून उसने पैसे घेतले होते. एवढेच असते तर आम्ही दोन शब्द सुनावून गप्प बसलो असतो. पण वहिनी जाता जाता हळूच म्हणाल्या, "धुवायला टाकलेल्या पँटीत इंजेक्शनची बाटली सापडली. मला वाचता येईना. मी परत खिशात ठेवून दिली." तेव्हा मात्र आमच्या पोटात गोळा आला.

आम्ही त्याच संध्याकाळी पुतण्याला बोलावले. रागावलो नाही. रागावून पोरे ऐकत नाहीत, ती फक्त लपवायला शिकतात. त्याला जवळ बसवले आणि म्हटले, "बाबा रे, आम्हाला यातले काही कळत नाही. आपण दोघे मिळून शोधू. आमच्या कचेरीत व्हाउचर जोडल्याशिवाय एक रुपयाचा खर्च मंजूर होत नाही. तुझ्या या वस्तादांकडे व्हाउचर मागू."

आमचेही घोडे अडले होते

येथे एक कबुली दिली पाहिजे. पुतण्याला शिकवायला निघालेल्या आम्हा स्वतःची अवस्था काही कौतुकाची नव्हती. बावीस वर्षे खुर्चीत बसून खातेवह्या लिहिल्या, पुढे संगणकावर आकडे भरले. जाता-येता लोकलमध्ये उभे राहणे हाच काय तो व्यायाम. त्याच्या आदल्या वर्षी गॅसचा सिलिंडर दोन जिने चढवताना कमरेत असा काही चमका आला की आठ दिवस अंथरुणात काढले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हाड शाबूत आहे. कंबर धरून ठेवणारे स्नायू मात्र राहिलेले नाहीत." सांगायचा मुद्दा असा की ताकद ही पहिलवानांचीच गरज आहे, हा आमचा गैरसमज त्या सिलिंडरने दूर केला. पाण्याची कळशी उचलणाऱ्या बाईला, गोणी वाहणाऱ्या माणसाला, जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार शोधणाऱ्या आजीला, सगळ्यांनाच ताकद लागते.

तेव्हा आम्ही, पुतण्या आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी, असे तिघे मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसलो. महिनाभर रोज अर्धा तास शोध घेतला. त्यातून जे टिकले ते वाचकांपुढे ठेवतो.

विश्वासाची ठिकाणे

पहिले ठिकाण हैदराबादचे. तेथील राष्ट्रीय पोषण संस्था ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे ती लहान स्वरूपात सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. या संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. एकूण १७ तत्त्वे आहेत. पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. भारतातील एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे अयोग्य आहारामुळे आहे, असा अंदाज तीत दिला आहे. आणि पुतण्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, शरीर कमवण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेऊ नका, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. त्याच संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांमध्ये काय किती असते याचे कोष्टक छापले. ज्वारी, नाचणी, हरभरा, अंडे, मासे, सगळे त्यात आहे. आम्ही हिशेबी माणूस, आम्हाला ते कोष्टक कादंबरीपेक्षा गोड लागले.

दुसरे ठिकाण जागतिक आरोग्य संघटनेचे. तिने २०२० साली व्यायामाविषयी शिफारशी केल्या. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा तत्सम हालचाल करावी आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील लोकांनी तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा. म्हणजे म्हातारपणी व्यायाम कमी करायचा नसून उलट त्याकडे अधिक लक्ष द्यायचे आहे!

तिसरे ठिकाण केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेचे. मोहीम २०१९ साली सुरू झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे मोबाइल ॲप आले. मुले, प्रौढ आणि ज्येष्ठ अशा तीन वयोगटांसाठी वेगवेगळ्या पुस्तिका तिने काढल्या आहेत. आपली ताकद, लवचिकता आणि तोल घरच्या घरी कसा मोजावा ते त्यांत दिले आहे.

चौथे ठिकाण परदेशातले, पण उपयोगाचे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर ताकदीचे, तोलाचे आणि खुर्चीत बसून करावयाचे व्यायाम सोप्या क्रमाने दिलेले आहेत. कोणतीही यंत्रे लागत नाहीत. खुर्ची आणि भिंत पुरते.

यातले बरेचसे इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. आम्ही मुलीकडून वाचून घेतले. घरात वाचणारे कुणी नसेल तर गूगलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये कॅमेरा पानासमोर धरला की मराठी मजकूर दिसतो. तो ओबडधोबड असतो, पण अर्थ लागतो.

पाच प्रश्न

प्रत्येक पान, प्रत्येक व्हिडिओ कुणी तपासून देणार नाही. म्हणून आम्ही पुतण्याला पाच प्रश्न लिहून दिले. ते त्याने मोबाइलच्या मागे चिकटवले आहेत.

१. सांगणारा कोण? त्याचे शिक्षण काय, तो कोणत्या संस्थेचा? नुसते पिळदार दंड म्हणजे पदवी नव्हे.

२. तो काही विकतो आहे काय? विकत असेल तर त्याचा सल्ला ही जाहिरात समजावी.

३. मुदतीचे वचन देतो काय? एकवीस दिवसांत, एका महिन्यात असे आकडे दिसले की पुढे जावे. स्नायू वाढायला महिने लागतात.

४. तीच गोष्ट दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या ठिकाणी सापडते काय? आमच्या कचेरीत जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वही बंद होत नाही.

५. कुणी हा व्यायाम करू नये, कुणी हे खाऊ नये, हे तो सांगतो काय? जो धोका सांगत नाही, तो अर्धेच सांगतो.

या पाच प्रश्नांची चाळणी लावली तेव्हा पुतण्याच्या शंभर वस्तादांपैकी सहा उरले. तो स्वतःच हसायला लागला.

डब्याचा हिशेब

मग आम्ही डबा पुढे ओढला. पाकीटबंद अन्नावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते आधी. या डब्यावर पहिले नाव साखरेच्या जातीच्या पिठाचे होते. दर १०० ग्रॅममध्ये प्रथिने १५ ग्रॅम. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक प्रत्येक पाकिटावर असावा लागतो आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तेही पुतण्याला करून दाखवले.

आता हिशेब पाहा. डबा पडला किलोला ९०० रुपये. २४ ग्रॅम प्रथिने मिळवायला १६० ग्रॅम भुकटी, म्हणजे १४४ रुपये. तेवढीच प्रथिने आमच्या नाक्यावरच्या भावाने अशी पडतात. चार अंडी, सात रुपयांना एक याप्रमाणे, २८ रुपये. फुटाणे १२० ग्रॅम, किलोला १६० रुपये धरून, सुमारे १९ रुपये. मुगाची डाळ १०० ग्रॅम, किलोला १२० रुपये, म्हणजे १२ रुपये. सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅमपेक्षा कमी, किलोला १५० रुपये, म्हणजे सात-साडेसात रुपये! भाव गावोगावी वेगळे असतील. वाचकांनी आपापले भाव घालून पाहावे, उत्तराचा रोख बदलणार नाही.

पुतण्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, म्हणजे मी पीठ विकत घेतलं?" आम्ही म्हटले, "घेतलेस, आणि उसन्या पैशाने घेतलेस."

मग आम्ही बाटलीचा विषय काढला. शरीर झटपट फुगवणारी ही हार्मोनची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मनाने टोचून घेतल्यास हृदयावर आणि यकृतावर परिणाम होतो, चेहऱ्यावर फोड येतात, स्वभाव चिडका होतो, आणि पुरुषाचे बीज कमी होऊन पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. एकच सुई दोघांनी वापरली तर काविळीचा आणि एचआयव्हीचाही धोका असतो. हे सगळे आम्ही पुतण्याला मोबाइलवरच, त्याच पाच प्रश्नांनी तपासून वाचायला लावले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "फेकून दिली." आम्ही बाटली पाहिलेली नाही आणि कचराही उपसलेला नाही. पोरावर विश्वास ठेवला आहे.

ताटाचा हिशेब

प्रथिने किती हवीत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून १० ग्रॅम, १०० ग्रॅम तांदळातून ७-८ ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीतून १३ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. झाले ५० ग्रॅम. पुतण्यासारखा जोरात वजने उचलणाऱ्याला यापेक्षा अधिक लागतात, परंतु ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या वाढवल्या की आणखी २५ ग्रॅम पदरात पडतात. सुकट-बोंबील हेही प्रथिनांचे मोठे भांडार आहे, फक्त त्यात मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी भिजवून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, बेतानेच खावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

खरी अडचण आमच्या ताटाच्या मांडणीत आहे. भाताचा डोंगर, त्यावर डाळीचे पाणी आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी! हैदराबादच्या संस्थेने ताटाचे चित्र काढून दिले आहे. निम्मे ताट भाज्या आणि फळांचे. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ. महागड्या सफरचंदाची गरज नाही, पेरू आणि केळे चालते. माठ, शेवगा, चवळीची भाजी बाजार उठताना स्वस्त मिळते.

भात एकदम तोडू नये. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. राजा द्रोणभर भात जेवत असे आणि धापा टाकीत असे. भगवंतांनी त्याला मोजून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते वचन रोज जेवताना म्हणून दाखवण्याचे काम दिले आणि हळूहळू आहार कमी करत नाळीभर भातावर आला. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रीत आजही तीच आहे. एकदम नव्हे, थोडे थोडे, आणि आठवण करून देणारे कुणीतरी शेजारी हवे.

आता भगिनींसाठी एक गोष्ट. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आमच्या घरातही ही पाहणी होऊ शकली असती. वहिनी सर्वांना वाढून शेवटी बसतात. तोवर अंडी संपलेली असतात, डाळीचा तळ उरलेला असतो. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगण्याआधी तिच्या ताटात अंडे ठेवले पाहिजे. पालेभाजी, कडधान्यावर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण त्याने लोह वाया जाते. आणि सर्वांनी एकत्र जेवायला बसावे. यासाठी कोणतेही ॲप लागत नाही.

बिनपैशाची तालीम

"आम्ही दिवसभर कष्ट करतो, आणखी व्यायाम कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. कष्टाने माणूस दमतो हे खरे. परंतु कष्टात तेच स्नायू त्याच रीतीने झिजतात, बाकीचे तसेच राहतात. ताकदीच्या व्यायामात ओझे मोजून घेतात, थोडे थोडे वाढवतात आणि मध्ये विश्रांती देतात. विश्रांतीतच स्नायू भरून येतात. शिवाय स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून मधुमेह्यांनाही या व्यायामाचा गुण येतो.

आम्ही तिघांनी निवडलेले सहा व्यायाम असे. खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे. भिंतीला हात टेकून जोर. उताणे निजून, पाय दुमडून कंबर उचलणे. वाकून, पाठ सरळ ठेवून, पिशवी कोपरापर्यंत ओढणे. टाचा उचलणे. आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ चालणे. पिशवीत पाण्याच्या बाटल्या घालाव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो, तराजू नको. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत, पण शरीराची ठेवण बिघडता कामा नये. बारा सहज होऊ लागले की एक बाटली वाढवावी. जोर लावताना श्वास सोडावा, कोंडू नये. छातीत दुखणे, वाढलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सांधा दुखला तर थांबावे. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकला तर घाबरू नये.

सुरुवात आम्ही घरातच केली. पुढे विहाराचे सभागृह मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मोकळे असते, तेथे जमू लागलो. पहिल्या दिवशी चौघे होतो. आज पंधरा-सोळा असतो, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. शिकवतो कोण? आमचा पुतण्या! त्याच्या हातात मोबाइल असतो, पण तो आता व्हिडिओपेक्षा समोरच्या माणसाची पाठ बघतो. आमच्या मातोश्री ७४ वर्षांच्या आहेत. पूर्वी जमिनीवरून उठायला त्यांना दोघांचा हात लागे. गेल्या महिन्यात त्या वंदनेनंतर एकट्या उठल्या आणि आजूबाजूला पाहून म्हणाल्या, "काय बघताय? उठता येतं मला."

पुतण्याने उसने पैसे सहा हप्त्यांत फेडले. त्याचे दंड अजून त्या व्हिडिओतल्या माणसासारखे नाहीत आणि बहुधा होणारही नाहीत. रिकामा डबा वहिनींनी घासून पुसून घेतला. आता त्यात फुटाणे असतात. गेल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा पंगत एकच बसली होती आणि वहिनींच्या ताटात अंडे होते. पोराने स्वतः वाढले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, मोबाइल घरोघरी आला आहे, तो परत जाणार नाही. त्यात सोनेही आहे आणि पितळही आहे. आपल्या घामाचा पैसा आणि आपल्या मुलांचे शरीर, दोन्ही त्यात पणाला लागले आहे. म्हणून मुलांच्या हातून मोबाइल हिसकावू नका. त्यांच्याशेजारी बसा, आणि प्रत्येक वस्तादाला विचारायला शिकवा, "व्हाउचर कुठे आहे?"